जिजाबाच्या गाठी

हमरस्त्याच्या कडेला खुंटेवाडी नावाचं गाव. त्या गावात एक भोळा गडी होता, जिजाबा. भोळा म्हणजे किती भोळा? तर सांगितलेलं काम तो सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. अशा माणसाला खरं तर जगानं डोक्यावर घ्यायला हवं. पण जगाला सांगायची सवय असते एक आणि करून हवं असतं भलतंच.

शाळेत शिपाई म्हणून लागला. हेडमास्तर म्हणाले, घंटा वाजली की पोरं सोडायची. सकाळी साडेदहाला रस्त्यानं कुल्फीवाला घंटा वाजवत गेला. जिजाबानं शाळा सोडली. मग रेशनच्या दुकानात लागला. मालक म्हणाला, काही झालं तरी रांग मोडू द्यायची नाही. दुपारी मालक दुकानाला कुलूप लावून जेवायला घरी गेला आणि जेवून झोपला. जिजाबानं रांग मोडू दिली नाही. दिवेलागणीपर्यंत अर्धं गाव रिकाम्या पिशव्या घेऊन उभं होतं.

अशा पाच नोकऱ्या झाल्या. पाचवी सुटली तेव्हा त्याचे सासरे मारुतीअण्णा येऊन बसले. अण्णांच्या म्हशी अकरा आणि जीभ एक, पण जीभच भारी पडायची. ते म्हणाले, "पावणं, आता एकच नोकरी करा. ती गेली की सरळ आमच्याकडं या. म्हशी राखा, जेवा, आणि मी बोललो की ऐकून घ्या."

जिजाबाला म्हशींचं भय नव्हतं. ऐकून घ्यायचं भय होतं. त्या रात्री त्याला घास गेला नाही.

त्याची बायको हौसा मात्र डोक्यानं तल्लख होती. तिनं नवऱ्याला दोन गोष्टी सांगितल्या. "अवं, सायब सांगतील तेवढंच करा, आपलं डोकं चालवू नगा. आणि सायबांनी काय शिकवलं की रुमालाला एक गाठ मारा. म्हंजी इसरणार न्हाई."

याच सुमारास हमरस्त्यावर 'भरलं ताट' नावाचं थाळीघर उघडलं. ही एका कंपनीची एकोणचाळिसावी शाखा. एकोणचाळीस ठिकाणी तीच पितळी तांब्या-भांडी, तीच केशरी टोपी आणि मीठ ताटाच्या त्याच कोपऱ्यात. एका शाखेत जेवून दुसऱ्या शाखेत हात धुवायला गेलात तरी फरक कळायचा नाही. तिथले मॅनेजर पेंढारकर साहेब म्हणजे नियमाचा माणूस. त्यांनी जिजाबाला विचारलं, सांगितलेलं करशील का? जिजाबा म्हणाला, तेवढंच करतो साहेब. पेंढारकरांना फार आनंद झाला. असाच माणूस कंपनीला हवा होता म्हणाले. तीन महिने कच्ची नोकरी, मग मुख्य ऑफिसातून तपासनीस येईल, त्यानं सहीचा कागद दिला की पक्की. जिजाबाला केशरी टोपी मिळाली आणि खांद्यावर टाकायला एक पांढराशुभ्र नॅपकिन.

पहिला धडा दाराचा. साहेब म्हणाले, "दारातून आत येईल त्या प्रत्येकाला हात जोडून म्हणायचं, या, बसा, पोटभर जेवा. आणि लगेच ताट मांडायचं. प्रत्येकाला, कळलं?"

"व्हय साहेब," जिजाबा म्हणाला आणि नॅपकिनला एक गाठ मारली.

थोड्या वेळानं दारातून गॅसवाला आला. खांद्यावर भरलेलं सिलिंडर. जिजाबानं हात जोडले. या, बसा, पोटभर जेवा. गॅसवाला म्हणाला, सिलिंडर कुठं ठेवू? जिजाबानं त्यालाही खुर्ची दिली. दोन ताटं मांडली. गॅसवाला सकाळपासून उपाशी होता, त्यानं फार चौकशी केली नाही. आत मुदपाकखान्यात शेगडी विझली होती आणि आचारी गॅसच्या नावानं शंख करत होता. आत गॅस संपलेला, बाहेर सिलिंडर जेवायला बसलेलं.

पेंढारकर साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, असं कोणालाही बसवायचं नसतं. आधी विचारायचं. कोण, कुठले, काय काम काढलंत? मग आत सोडायचं."

"व्हय साहेब. पुढच्या टायमाला ध्यानात ठेवतो," जिजाबा म्हणाला आणि नॅपकिनला एक गाठ मारली.

पुढच्या टायमाला मोटारीतून एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको, दोन पोरं आणि एक आजी. सगळी भुकेनं कासावीस. जिजाबा दारात आडवा उभा राहिला. कोण तुम्ही? नवरा म्हणाला, आम्ही गोडबोले. कुठले? सांगलीचे. काय काम काढलंत? जेवायला आलोय. जिजाबानं विचार केला आणि म्हणाला, जेवण झालं, पण काम काय? नवरा पुन्हा जेवायलाच म्हणाला. तोवर जिजाबा आजींकडे वळला. आजींना गप्पांची आवड होती. त्यांनी माहेर सांगितलं, आजोळ सांगितलं, थोरल्या जावेची बारशी सांगितली. अर्ध्या तासात असं निघालं की आजींच्या माहेरची विहीर जिजाबाच्या आत्यानं पाहिलेली आहे. धाकटं पोर तोवर दाराच्या तोरणातली आंब्याची पानं चावत होतं. शेवटी नवऱ्यानं सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि पुढच्या ढाब्यावर नेलं. आजी काचेतून हात हलवत होत्या.

पेंढारकर साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, गिऱ्हाईकाला विचारत बसायचं नसतं. न विचारता वाढायचं. ताटात जागा दिसली की वाढायचं. नको म्हणाला तरी वाढायचं, आग्रह म्हणतात त्याला."

"व्हय साहेब. पुढच्या टायमाला ध्यानात ठेवतो." तिसरी गाठ.

पुढच्या टायमाला आले दातार. निवृत्त पोस्टमास्तर, काडीसारखे बारीक, आणि लहानपणापासून एक व्रत पाळलेले. पानात काही टाकायचं नाही. जिजाबाचंही एक व्रत होतं. पानात जागा ठेवायची नाही. अशी ही दोन व्रतं दुपारी एक वाजता समोरासमोर आली.

दातारांनी पुरणपोळी संपवली. जागा दिसली. जिजाबानं पोळी वाढली. दातार पुरे म्हणाले. जिजाबानं वर तूप घातलं. वाढलेलं टाकायचं कसं, म्हणून दातारांनी ती खाल्ली. जागा दिसली. जिजाबानं पोळी वाढली. चौथ्या पोळीला दातारांनी शर्टाचं खालचं बटण काढलं. सातव्या पोळीला ते कोणाचीतरी आठवण आल्यासारखे छताकडे बघू लागले. नवव्या पोळीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जिजाबालाही भरून आलं, इतक्या मनापासून जेवणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं दहावी वाढली. शेवटी दातारांनी ताटावर उपडं पडून दोन्ही हातांनी ताट झाकलं, तेव्हा जिजाबानं त्यांच्या पाठीवर जागा दिसते का ते पाहिलं.

पेंढारकर साहेब धावत आले. दातारांना दोघांनी धरून रिक्षात बसवलं. मग साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, माणसाकडे बघावं. जेवणाऱ्याचा हात थांबला की समजायचं झालं. पटकन ताट उचलायचं."

"व्हय साहेब. पुढच्या टायमाला ध्यानात ठेवतो." चौथी गाठ. आता जिजाबा टेबल पुसायला लागला की ठकठक वाजायचं.

पुढच्या टायमाला महिला मंडळाची सहल आली. बावीस बायका. सगळ्यांची ताटं वाढून झाली. अध्यक्षबाई म्हणाल्या, आधी श्लोक म्हणू. बावीस जणींनी हात जोडले, डोळे मिटले. जिजाबानं पाहिलं, बावीस जणींचे हात थांबले होते. श्लोक मोठा होता. जिजाबाचा हात चपळ होता. बायकांनी डोळे उघडले तेव्हा समोर नुसतं टेबल. एकीला वाटलं, देवानं नैवेद्य मानून घेतला. ती रडायलाच लागली. बाकीच्या एकवीस जणी इतक्या भाविक नव्हत्या.

पेंढारकर साहेबांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "अरे, डोळे मिटलेल्या माणसाच्या वाटेला जायचं नसतं. तो डोळे उघडेपर्यंत बाजूला हात जोडून उभं राहायचं. अगदी गप्प. हूं की चूं करायचं नाही."

"व्हय साहेब. पुढच्या टायमाला ध्यानात ठेवतो." पाचवी गाठ.

पुढच्या टायमाला आला एक बँडवाला. लग्नाची वरात वाजवून थेट जेवायलाच आलेला. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, डोक्याला तुरेवाला फेटा, मांडीवर पितळी कर्णा. तो दीड थाळी जेवला आणि बसल्या जागी, ताठ मानेनं, झोपी गेला. जिजाबा बाजूला जाऊन हात जोडून उभा राहिला.

रविवार होता. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं. एका म्हातारीनं आत डोकावून पाहिलं. सोनेरी झुपक्यांचा एक माणूस डोळे मिटून बसलाय आणि शेजारी सेवक हात जोडून उभा आहे. तिनं जिजाबाला विचारलं, कोण महाराज हे? जिजाबानं हूं की चूं केलं नाही. म्हातारी काय समजायचं ते समजली. तिनं पिशवीतला नारळ पुढं ठेवला आणि पाया पडली. ते बघून तिची सून पाया पडली. मग एस.टी.तून उतरलेली माणसं पाया पडली. तासाभरात रांग पार पंक्चरच्या दुकानापर्यंत गेली. आता रांगा कशा मोडू द्यायच्या नाहीत हे जिजाबाला कोणी शिकवायला नको होतं. लोक त्यालाही शिष्य समजून काहीबाही देऊ लागले. जिजाबानं सगळं घेतलं, कारण घेऊ नको असं कोणी म्हणालं नव्हतं.

चार वाजता बँडवाल्याला जाग आली. समोर एवढी माणसं, फुलं, नारळ. त्याला वाटलं, वरात निघाली आणि आपण झोपलो. त्यानं दचकून कर्णा तोंडाला लावला आणि नाचाची चाल धरली. लोकांनी जयजयकार केला. म्हातारी नाचली.

त्या दिवशी जिजाबा अकरा नारळ आणि केळ्यांचा घड घेऊन निघाला. दारात पेंढारकर साहेब उभे होते. कपाळाला हात लावायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "जिजाबा, कंपनीचा नियम आहे. गिऱ्हाईकानं काहीही दिलं तरी घ्यायचं नाही. हात जोडायचे आणि परत द्यायचं. कितीही आग्रह केला, पाया पडला, ठेवून पळाला तरी मागं जाऊन परत द्यायचं."

"व्हय साहेब. पुढच्या टायमाला ध्यानात ठेवतो." सहावी गाठ.

असे तीन महिने भरत आले. पेंढारकर साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. तपासनीस गुरुवारी येणार होता, पण साध्या गिऱ्हाईकासारखा, गुपचूप. कोण ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी जिजाबाला बाजूला घेतलं. जो येईल तो तोच आहे असं समजायचं आणि ओळख दाखवायची नाही. तो आपणहून सांगू लागला, मी अमका, मी तमका, तरी म्हणायचं, आमच्यासाठी तुम्ही गिऱ्हाईक. एवढं केलंस तर तुझा कागद पक्का, असं साहेब म्हणाले. जिजाबानं घरी जाऊन हौसाला सांगितलं. हौसानं देवापुढं साखर ठेवली. तिलाही बापाच्या घरी नवऱ्याला बोलणी खाताना बघायचं नव्हतं.

गुरुवारी दुपारी मारुतीअण्णा आले. जावयाचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, म्हणून हौसालाही बरोबर आणलेलं. अण्णा दारात म्हणाले, "काय पावणं, बरं हाय का?"

जिजाबानं हात जोडले. "आमच्यासाठी तुमी गिऱ्हाईक. या, बसा, पोटभर जेवा."

"अवं, मी हौसा," हौसा म्हणाली.

"असाल. आमच्यासाठी तुमीबी गिऱ्हाईक."

अण्णांची जीभ पहिल्यांदाच अडखळली. ते बसले आणि रागारागानं एकेक वाटी तपासू लागले. तूप हुंगलं. दह्याची वाटी उपडी करून बघितली आणि यात दूध किती, पाणी किती, असं मोठ्यानं विचारलं. टेबलाखाली वाकून पाहिलं. लांबून पेंढारकर साहेबांनी ते पाहिलं. हाच तो. धोतर, मुंडासं घालून आलाय, काय सोंग आहे. साहेब धावत आले, बापलेकींना आतल्या थंड खोलीत घेऊन गेले आणि स्वतःच्या हातानं जिलबी वाढू लागले.

इकडे कोपऱ्यात एक करड्या सफारीतला माणूस गुपचूप जेवत होता. त्यानं जिजाबाला खुणेनं बोलावलं आणि कंदी पेढ्यांचा पुडा पुढं केला. हे घरी ने, मला एक वाटी श्रीखंड जास्तीचं आण, साहेबाला सांगू नको, असं म्हणाला. जिजाबानं हात जोडले आणि पुडा परत दिला. त्या माणसानं पुडा खिशात कोंबला. जिजाबानं खिशातून काढून परत दिला. मग तो माणूस उठला आणि त्यानं जिजाबाच्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे ओले झाले होते.

"एकोणचाळीस शाखा फिरलो," तो म्हणाला. "अडतीस ठिकाणी पुडा रिकामा झाला. इथं पहिल्यांदा भरलेला राहिला. मी मुख्य ऑफिसचा तपासनीस."

"असाल. आमच्यासाठी तुमी गिऱ्हाईक," जिजाबा म्हणाला.

तपासनीस खूश होऊन हसला. त्यानं बॅगेतून एक कागद काढला, त्यावर जिजाबाचं नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला. आजपासून तुझी नोकरी पक्की म्हणाला आणि कागद पुढं केला.

जिजाबानं हात जोडले. "गिऱ्हाईकाकडनं काय घेत न्हाई."

तपासनीस म्हणाला, अरे, हा तुझाच कागद आहे. जिजाबानं परत दिला. तपासनिसाला वाटलं, काय हा विनय. त्यानं कागद तांब्याखाली ठेवला, जिजाबाला नमस्कार केला आणि चटकन मोटारीत बसून निघाला. जिजाबानं तांब्या उचलला, कागद घेतला आणि मोटारीमागं धाव ठोकली. टोपी पडली, एक वहाण सुटली. टोलनाक्यावर मोटारींची रांग होती. जिजाबानं ती गाडी गाठली, खिडकीतून कागद आत टाकला, हात जोडले आणि सुटला तो पळतच माघारी आला. छाती भात्यासारखी चालत होती, पण मन एकदम हलकं होतं. पहिल्यांदाच त्यानं गाठ मारल्यावर काही चुकवलं नव्हतं.

तो आतल्या खोलीत शिरला तेव्हा पेंढारकर साहेब अण्णांसमोर खाली मान घालून उभे होते. आमच्या शाखेबद्दल काय लिहिणार, असं अदबीनं विचारत होते.

"मला कुठं लिवता येतंय?" अण्णा म्हणाले. "मी ह्येचा सासरा."

साहेब मटकन खाली बसले. मग तपासनीस कोण, असं त्यांनी जिजाबाकडे बघून विचारलं.

"त्ये व्हय?" जिजाबा म्हणाला. "त्ये गेले की. लई चांगला माणूस. माझी नोकरी पक्की झाल्याचा कागद देत हुते. मी न्हाई घेतला. ठिवून पळाले, तर टोलनाक्यापातूर पळत जाऊन गाडीत टाकून आलो. साहेब, ह्या टायमाला चुकलो न्हाई."

हौसानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. अण्णांनी जिलबीची वाटी बाजूला सारली.

"झालं. आता आमची दावण," अण्णा म्हणाले. "हितल्यासारखे छप्पन्न नियम न्हाईत तिथं. एकच हाय, तेवढा ध्यानात धरा. गाठ मारायची ती अशी मारायची, की कितीबी हिसका बसला तरी सुटता कामा नये."

"व्हय अण्णा. ध्यानात ठेवतो," जिजाबा म्हणाला. आता ओळख दाखवायला हरकत नव्हती, म्हणून तो पाया पडायला खाली वाकला. वाकल्या वाकल्या गाठ मारावी म्हणून त्यानं नॅपकिन काढला. पण नॅपकिनला जागा उरली नव्हती. समोर अण्णांच्या धोतराचा सोगा खुर्चीच्या पायाशी लोंबत होता. जिजाबानं त्यालाच गाठ मारली. चांगली, खुर्चीच्या पायाला दोन वेढे देऊन, सांगितली तशी.

"चला," अण्णा म्हणाले आणि ताडकन उठून भरल्या थाळीघरातून तरातरा दाराकडे निघाले.

गाठ काही सुटली नाही. धोतर सुटलं.